चहाआधीचा तास

सातपूर, नाशिक
२ मार्च २०२५

प्रिय आई,

पाया पडतो. निवृत्तीमामाच्या हाती पाठवलेलं नागलीचं पीठ पोचलं. हे पत्र त्याच्याच हाती देतोय, पण वाचून दाखवायला कुणाला देऊ नकोस. चौथी शिकलीयेस, वेळ लागला तर लागू दे.

मी बरा आहे. कंपनीत आता तपासणीच्या टेबलावर बसवलंय. दिवसभर जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, मोजायचे, माप चुकलं की का चुकलं ते हुडकायचं. लहानपणी मी घड्याळ उघडून बसलो की तू ओरडायचीस. आता त्याचाच पगार मिळतो.

तर एक गंमत सांगायची आहे, आपल्या दोघांच्या थायरॉइडच्या गोळीची. दिवाळीनंतर मला सारखी झोप यायची, पाय जड, केस गळायला लागले. रक्त तपासलं तर थायरॉइड पार बिघडलेलं. गोळी तर एक दिवस चुकली नव्हती. डॉक्टरबाईंनाही कळेना. त्यांचा अंदाज उलटा होता, की आता मला गोळी कमी लागेल. का कमी लागेल, ते पुढे सांगतो.

खराब जॉब आला की आम्ही एकावेळी एकच गोष्ट बदलून बघतो. डॉक्टरबाईंचंही तसंच निघालं. म्हणाल्या, सकाळ सांग, उठल्यापासून. मी सांगितलं: उठतो, आई दिवाळीपासून पीठ पाठवते त्या नागलीची पेज ठेवतो, गोळी तोंडात टाकतो, वर पेजेचा घोट. त्यांनी पेनच खाली ठेवलं. नागलीत, त्या नाचणी म्हणतात, कॅल्शियम लय असतं म्हणे, ते गोळी अंगी लागूच देत नाही. आणि मला तर तूच शिकवलेलं, गोळी उष्ण पडते, रिकाम्या पोटी गिळायची नाय!

मग उठल्याबरोबर गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही, आणि पेज दुपारच्या डब्यात. बाकी काही बदललं नाही. दीड महिन्यानं रिपोर्ट आला तो बरोबर मापात. मी तीनदा वाचला.

तुझे पाय अजून सुजतात, तू दुपारचीच आडवी होतेस, असं मामा म्हणाला. तूही असं करून बघ. पण दवाखान्यातल्या बाईंना आधी विचार आणि मग रक्त तपासून घे.

एवढं फोनवर सांगता आलं असतं. आठ महिने मी तुझा फोन उचलत नाही, नुसते मेसेज पाठवतो. रेंज नसते म्हणालो, ते खोटं होतं.

तू म्हणाली होतीस, "केस काप, पँट घाल, चंदर म्हण स्वतःला, मी बी म्हणीन. पण अंगात सुई घेऊ नको. आवाज माझ्या आईचा हाय तुझा, तेवढा ठेव." मी हो म्हणालो होतो.

आई, मी सुई घेतोय. दर तीन आठवड्यांनी, त्याच डॉक्टरबाईंकडे. पुरुषांचं हार्मोन असतं ते. त्यानं थायरॉइडची गोळी कमी लागू शकते, म्हणून त्या दर वेळी रक्त बघतात. रिपोर्ट बिघडला तेव्हा वाटलं, तुला फसवलं म्हणूनच हे झालं, आता सुई बंद करतील. दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसून रडलो. आणि निघाली काय, तर तुझी पेज.

आजीचा आवाज गेला. त्याचं मला वाईट वाटतं. सुई घेतल्याचं वाटत नाही. नवा आवाज अजून माझ्याही ओळखीचा नाही. सकाळी रिकाम्या पातेल्यात तोंड घालून "आई" म्हणून बघतो, कधी घुमतो, कधी मधेच फाटतो. मामानं ऐकलाय, पण तो सांगणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळी फोन करीन. गोळी घेतल्यावर, चहाच्या आधी, तो तास तुलाही मोकळा असेल. उचललास तर मी आधी "आई" एवढंच म्हणेन, आणि थांबेन.

ओळखलंस, तर नावानं हाक मार.

तुझाच,
चंदर