बसम्माचे देव

११ सप्टेंबर १९९५, सोमवार

आले बाई एकदाची. केजहून जीपमध्ये मांडीवर माझी पेटी आणि पायाशी कुणाची तरी कोंबडी. जीपवाला बंकट तोंडाचा फाटका, पण मनानं साफ. म्हणे, इथं नर्स टिकत न्हाई, तुमी किती दिवस काढता बगू. म्हटलं, तुझी ही जीप टिकली ना, मग मीही टिकेन. खो-खो हसला.

उपकेंद्राची खोली गळकी, म्हणून बसम्मामावशीकडे भाड्यानं राहिले आहे. तिचा नवरा शिवशरण किराणा दुकान चालवायचा, तो कधीच वारला. मावशी सत्तरीची, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. आल्या आल्या गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, पाठीवरून हात फिरवला. मला एकदम रडूच आलं. किती दिवसांनी कुणी जेव म्हटलं! मधल्या खोलीत तिचा मुलगा केदारनाथ अंथरुणाला खिळून आहे. तिकडं तेवढं जाऊ नका म्हणाली.

१५ सप्टेंबर

आज देवघरात डोकावले. पाट रिकामा. सगळे देव खाली तांब्याच्या घंगाळात, पाण्याखाली. मावशी रोज शिळं पाणी वरच्यावर काढते आणि ताजं ओतते, देव मात्र हलवत नाही. मोठं संकट आलं की देव पाण्यात ठेवायचे आणि मागणं पुरं झालं की बाहेर काढायचे, हे आमच्याकडेही असतंच. पण हे केदारनाथला कावीळ झाली तेव्हापासूनचे. तेव्हा बंकट चड्डीत फिरत होता म्हणे.

मीही ठेवले होते. अपेक्षाच्या तापात. सात वर्षांची पोर माझी. मी नर्स, आणि माझ्याच हातावर गेली. देव बाहेर काढले, पुसले आणि भावाला देऊन टाकले. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं घर मांडलं. तेव्हापासून माझ्या लेखी देव नाही. नाही म्हटलं की निदान कुणावर चिडायला नको.

२१ सप्टेंबर

आज गावाला वेड लागलं! गणपती दूध पितोय. दिल्लीत पितो, बीडमध्ये पितो, आमच्या पारावरचाही पितो. सगळं गाव चमचे घेऊन रांगेत, आणि माझ्या उपकेंद्रात हगवणीचं लेकरू घेऊन एकटी छबुबाई. तिच्या घरात लेकराला पाजायला दूध नाही. मला असा संताप आला! एवढी दुःखं पडलीत आणि हा बसून दूध पितोय. बंकट म्हणाला, शिष्टर, तुमी बी पाजून बगा. म्हटलं, माझी लेक तहानलेली गेली, आधी तिचं बोल त्याच्याशी. बिचारा चमचा घेऊन निघून गेला. उगाच बोलले त्याला.

मावशी पाराकडे फिरकली नाही. तिचे देव पाण्यातच.

२६ सप्टेंबर

मावशी बाजाराला केजला गेली होती. दुपारी मधल्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं. राहवेना, कडी काढली.

हात धरला तर बर्फ. नाडी लागेना. गळ्याशी बघितलं, नळी लावून छाती ऐकली. काही नाही. अंगावर जुन्या, न भरलेल्या जखमा. मेलेली माणसं मी काय कमी बघितलीत? चादर ओढणार, तोच त्यानं डोळे माझ्याकडे वळवले. ओठ हलले.

"देव काडा, बाई. लई झालं."

कशी बाहेर आले ठाऊक नाही.

२८ सप्टेंबर

मावशीला सरळ विचारलं. तिनं काही लपवलं नाही. मोठ्या दवाखान्यातून त्याला घरी न्यायला सांगितलं, त्या दिवशी तिनं देव पाण्यात ठेवले. बरा कर असं मागितलंच नाही. मागितलं काय, तर ह्याला माझ्यापासून नेऊ नको. आता असलं मागणं पुरं कधी व्हायचं? म्हणून देव काढायचे कधी, तेही ठरेना. देवानं तिचं ऐकलंय, अजूनही ऐकतोय. केदारनाथ तिथं कुजतोय आणि देव शब्द पाळतोय.

म्हणजे देव आहे. मग माझं का नाही ऐकलं? मी काय वेगळं मागितलं होतं?

रात्रभर उशी चावून रडले.

३० सप्टेंबर

मावशी ओढ्यावर गेली होती. मी घंगाळात हात घातला. पाणी गरम होतं, जिवंत अंगासारखं. देव एक एक करून काढले, पुसले, पाटावर मांडले.

आतून एक लांब श्वास ऐकू आला. मग काही नाही.

१ ऑक्टोबर

केदारनाथला त्यांच्या लिंगायत रीतीनं बसवून समाधी दिली. गावात कुणी नवल केलं नाही. बंकट हळूच म्हणाला, सुटला. मावशी रडली नाही, मला शिवीही दिली नाही. संध्याकाळी माझ्या केसांना तेल लावलं. मी नको म्हणू शकले नाही. मला इथून जायचंय. बदली मिळो न मिळो, परवा निघते.

३ ऑक्टोबर, दसरा

पेटी भरली. देवघरात गेले. पाट पुन्हा रिकामा. घंगाळही रिकामं.

मावशी म्हणाली, आडात सोडले. तो आड दुष्काळातही आटत नाही, त्याचा तळ कुणी बघितलेला नाही. कुणासाठी, विचारलं.

"तुमच्यासाटी. तुमची लेक गेली, माजा लेक गेला. आता कुनी कुनाला सोडून जायचं न्हाई."

प्रेमानं म्हणाली. खरंच प्रेमानं. मी हसले बहुतेक. पेटी उचलून जीपमध्ये बसले. मी आणि बंकट, दोघंच—

३, संध्याकाळ

वळणावर जीप उलटली. बंकट खाली सापडला. माझ्या हातातच— तीन लेकरं त्याची. त्याच्यासाठी कुणी देव पाण्यात ठेवले नव्हते.

टपाची सळई माझ्या पोटातून— मी ती काढली. रक्त फारसं आलं नाही. उठले. केजच्या वाटेला लागले, चालले, चालले, आणि समोर मावशीचं दार—

४

दुखतंय. फार दुखतंय. शुद्ध हरपत नाही.

मधल्या खोलीत अंथरूण घातलंय मला. मावशी कपाळावरून हात फिरवते. जेव म्हणते.

नाडी बघतेय. डावा हात. उजवा. गळ्याशी. बोटांखाली—

नाही.

५ की ६

मावशी थकलीय. तिच्यानंतर कोण— आडात कोण उतरणार—

देवा, तू आहेस. मानलं. हरले मी. बरी करू नको, काही नको. फक्त ने. अपेक्षाकडे ने. ऐकतोस ना? इतक्या खोल पाण्यात तुला माझं—