धुतलेली ताटं

लातूर, रविवार

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी आधी मागते. सुचलं नाही असं नाही. तुझ्याशी बोलायचं तर खरं बोलावं लागतं, म्हणून टाळत राहिले.

नांदेडच्या शाळेतली नोकरी सोडून मी गेल्या जूनमध्ये लातूरला आले. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावच्या मुली इथे क्लासला येतात. त्यांच्या एका वसतिगृहाची मी रेक्टर आहे. वर्ष जड गेलं. शाळेत मुलं संध्याकाळी घरी जातात, इथे मुली कुठेच जात नाहीत. त्यांचं रडणं, ताप, घरचे फोन, पालकांचे टोमणे, सगळं दाराशी येतं. मी पुष्कळ शिकले, असं मलाही वाटत होतं. आज दुपारी मुलींचा निरोप समारंभ झाला. संस्थेचे साहेब म्हणाले, "मॅडम, या वर्षानं तुम्हाला काय शिकवलं, दोन शब्द सांगा." मी उठले आणि शिस्तीवर बोलले. लातूरला पाण्याची किंमत काय आहे, प्रत्येक मुलगी जेवल्याबरोबर आपलं ताट आपण कशी धुते, हा नियम मी कसा बसवला. साहेब म्हणाले, इतकं लख्ख स्वयंपाकघर आपण दुसऱ्या वसतिगृहात पाहिलं नाही. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

पाणी आणि स्वच्छता ही कारणं लोकांना सांगायची. तुला खरं सांगते. त्या नियमामागे आपली नांदेडची मोरी होती. तुझ्या मेसचे डबे कॉलेजच्या पोरांच्या खोल्यांवर जायचे आणि तुझी एकच अट असायची, रिकामा डबा धुवून पाठवायचा नाही. पोरं लाजायची. "मावशी, उष्टा डबा कसा द्यायचा?" आणि तू म्हणायचीस, "दे तसाच. मला बघायचं असतंय." मी बी.एस्सी.ला होते. घरी आले की परक्या पोरांचं उष्टं खरडायला बसायचे, आणि प्रॅक्टिकलला मैत्रिणींपासून हात लपवायचे. अजून दिसतं मला. तू उंबऱ्यात डबे उघडून मांडून बसली आहेस, एकेकात डोकावते आहेस. एका डब्यात भाजी तशीच आहे, भाकरी नुसती कुरतडलेली. तू म्हणतेस, "ह्या डब्याचं तोंड उतरलंय बघ. काल बी असंच होतं." मी चिडून म्हणते, "माय, तू डब्यांची डॉक्टर झालीस का?" "हाव. अन् तू कंपाउंडर. घास गुमान." दुसऱ्या दिवशी तू त्या पोराला डब्याऐवजी घरी बोलावलंस, पातळ वरण-भात समोर ठेवलास आणि काही विचारलं नाहीस. तो जेवता जेवता रडायला लागला. मी आतून बघत होते, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता हा गेल्यावर ताट मलाच धुवावं लागणार.

इथे वसतिगृहात देगलूरची एक मुलगी होती. अबोल, अभ्यासात बरी. दिवाळीनंतर ती जेवणाच्या रांगेतून माझ्याजवळ आली. "मॅडम, जेवण जाईना झालंय."

"घसा दुखतोय?"

"न्हाई. नुसतं जाईनाच."

त्या आठवड्यात तिला टेस्टमध्ये मार्क कमी पडले होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मार्क उतरले की सगळ्यांचं असंच होतं. हे नखरे आईजवळ करायचे. जेव आणि ताट धू." मुली हसल्या. तीही हसली. त्यानंतर रोज तिचं ताट बाकीच्यांसारखंच धुऊन रॅकवर लागत होतं. मी रोज रॅकवरून नजर फिरवायचे आणि समाधानानं खोलीत जायचे. ताटातलं ती नळाजवळच्या बादलीत टाकते, हे मला फार उशिरा कळलं. ती क्लासच्या जिन्यात कोसळली तेव्हा.

दवाखान्यात सलाइन लावलेलं होतं. वडील एसटीनं आले, हातात घरून आणलेला डबा. शेतातून तसेच उठून आले असावेत. मला म्हणाले, "मॅडम, पोरगी तुमच्याजवळ कायच बोलली न्हाई का हो?"

आणि मी म्हणाले, "एका शब्दानं नाही."

माय, मी विचार करायला थांबलेसुद्धा नाही. ते तिच्याकडे वळले. "बोलायला काय झालं होतं गं तुला? मॅडमला बी फसवलीस, आमाला बी." तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. जाताना त्यांनी मलाच हात जोडले. "तुमाला लई तरास झाला आमच्या पोरीचा."

ती आता घरीच आहे. तब्येत सुधारली आहे, तिला पुन्हा इथे यायचं आहे, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. पण वडील पाठवत नाहीत. म्हणतात, जी पोरगी उपाशी राहून बी सांगत न्हाई, तिला परगावी कसं ठेवू? त्यांचं काही चुकत नाही. त्यांना जे सांगितलं गेलं, त्यावर ते शहाण्यासारखं वागतायत. हे कळूनही मी काही आठवडे काढले. संस्थेचं नाव, माझी नोकरी, परीक्षेचे दिवस, एकेक कारण हाताशी होतंच. आणि आज टाळ्या घेतल्या.

हे पत्र कुठे पाठवणार? तू असतीस तरी पाठवलं नसतं. एवढं मात्र सांगते. समारंभाचं जेवण आज मलाही गेलं नाही. कोणी बघायच्या आत मी ताट उचललं, नळाखाली धरलं आणि लख्ख धुऊन रॅकवर लावलं.

उद्या सकाळी: देगलूरला तिच्या वडिलांना फोन करणे. ती बोलली होती, हे सांगणे.