ओसरीची उघडी बाजू

आबा, तुमी असतात तर म्हणाला असतात, "एवढं शिकून हे करून राहिला व्हय रे?" मी पुण्यात कॉम्प्युटरवर इमारती काढतो. प्रत्येक खोली त्याला वेगळी 'जागा' म्हणून दाखवायची. तिथं माणसं किती, दिवे किती, ऊन कुठून येतं, सगळं भरायचं. मग तो सांगतो, उन्हाळ्यात थंडावा किती लागेल अन् हिवाळ्यात ऊब किती. अट एकच, जागा सगळ्या बाजूंनी बंद पाहिजे. एक बाजू उघडी राहिली की तो तिला जागाच मानत न्हाई.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ऑफिसात एकटाच हसत सुटलो. माझं दहावीचं वर्ष आठवलं. आपल्या कुरुंदा गावच्या घरात पत्रे तापलेत, अन् गल्लीतला कालवा कानावर नको म्हणून मी भरदुपारी आतून कडी घालून अभ्यासाला बसलोय. गावात दिवसाढवळ्या दार लागलं म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलं! घटकाभरात सगळी गल्ली ओसरीवर. शेजारची काकू तर डोळ्याला पदर लावूनच आली. तुमी हळद शिजवायच्या कढईवरून पळत आलात, पिवळ्या हातांनी दार बडवलंत. उघडून बघतो तर तुमचा चेहरा पांढराफटक. "काहून लावलं रे दार? चोरी केली का?" म्हणून ओरडलात, अन् लगेच आईला सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितलंत.

आता तिथंच आमी नवं घर बांधतोय. आईला ऊन सोसत न्हाई, गेल्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडली. धाकटा म्हणतो, ओसरी भिंत घालून बंद करू, तिथंच एसी लावू. आई म्हणते, "भिंतीआड बसून काय करू बाबा? येणारं-जाणारं दिसाया नको?" दोघांचंही बराबर. मी दोन रविवार नकाशात भिंत काढली, पुसली. शेवटी भिंतीऐवजी नुसती रेघ ओढली. कॉम्प्युटरला तेवढी पुरते, रेघेलाच बंद बाजू समजून तो ओसरीला जागा म्हणतो. आईसाठी एसीची खोली मागं घेतली, ओसरी उघडीच ठेवली. तिथं माणसं किती, तर वीस लिहिली. धाकट्यानं नकाशा बघून फोन केला, "वीस? आई तर एकटीच असते ना?"

तुमाला हसू आलं असतं. हे लिहिलेलं आता कुठं धाडू? पण एक सांगतो. माझ्या इथल्या घराचं दार दिवसभर लागलेलंच असतं, आबा. काय झालं म्हणून अजून कुणी पळत आलं न्हाई.