पाठ टेकली तरी

मुक्काम कल्याण
पौष वद्य पंचमी, शके १८११

दोन पत्रं घातली, एकाचंही उत्तर नाही. इगतपुरीत शाई मिळत नाही की तुझी बोटं रुळाखाली आली? आली असतील तर तसं कळव, हळद पाठवते.

असो. चि. दौलत यास आईचा आशीर्वाद. म्हैस व्याली. तुझी बायको मालन बोलत नाही, म्हणजे बरी आहे. मीही बरी आहे, तू विचारलं नाहीस तरी. अक्षर माझंच आहे, लागत नसेल तर डोळे ताण.

आता बातमी. तुझा लेक गुणाजी गोऱ्यांची ठोसाठोशी खेळतो! बॉक्सिंग म्हणतात. इंजिनाच्या शेडमधल्या एका डायवरने याचा हात बघितला आणि शिकवायला घेतलं. मी आधी बोंबलले. तालमीत ठोसा मारला तर वस्ताद कान धरून बाहेर काढतो, आणि इथे ठोसाच मारायचा! वर पोरींसारखा दोरीवर उड्या मारतो. पण मग तुसाचं पोतं शिवून चिंचेला टांगलं ते मीच. तो हाणतो तेव्हा मागून धरतेही मीच. हसू नको, खांदे अजून ठणकतात.

हातात चामड्याचे मोजे, आत घोड्याचे केस भरलेले, मनगटाला नाडी. एकदा बांधले की माणसाला स्वतःचं नाक पुसता येत नाही. पूर्वी म्हणे त्यांच्या मुलखात उघड्या मुठींनी हाणायचे, एक जण उठेनासा होईस्तोवर. आता घंटा असते, विसावा असतो, आणि पडलेल्याला हात लावायचा नाही. दहा मोजायचे. तेवढ्यात उठला तर खेळ चालू.

"म्हणजे पाठ टेकली तरी हरला नाही?" मी विचारलं.

"नाही गं आजी."

मला काही ते पटेना.

रविवारी शेडमागच्या मैदानात सामना झाला. समोर हॅरी फायरमन, इंजिनात कोळसा घालणारा, लाल मानेचा, दरवाजाएवढा. मी आणि मालन कोळशाच्या ढिगावर चढून उभ्या. दुसरी घंटा झाली आणि हॅरीने असा एक ठेवून दिला की आपला पोरगा धाडकन उताणा! पाठ पुरी मातीला. आणि मग काय केलं असेल त्याने? उठून बसला, कपाळाला माती लावली, आणि दाताने मोज्याची नाडी सोडायला लागला! साहेब मोजतोय, हा नाडी सोडतोय! नियम मला यानेच शिकवले, पण अंग तालमीचं. तुझंच अंग. पाठ टेकली की संपलं.

मी ओरडणार तोच मालन ओरडली. जिचा आवाज तीन वर्षं घरात ऐकला नाही, ती सगळ्या गोऱ्यांसमोर: "ऊठ! पाठ टेकली म्हणून निघून जायचं नसतं!"

कोणाला म्हणाली ते मी लिहीत नाही.

पोरगा उठला. साहेबाच्या तोंडात आठ होते. पुढे जे झालं त्याने माझा घसा अजून बसलाय, पण निकाल पत्रात मिळणार नाही. सगळं कल्याण सांगतंय, येऊन ऐक.

तीन वर्षांमागे शहाडच्या आखाड्यात भिवंडीच्या त्या पोराने तुला चीत केलं. बरं, केलं. तो आता मिठाच्या गाड्या हाकतो आणि मला वाटेत रामराम घालतो. लोक कधीच विसरले. तू मात्र त्याच संध्याकाळची गाडी धरलीस, लंगोटसुद्धा इथेच टाकून. मालन तो आठवड्याला धुऊन वाळत घालते. मला दोरीवर जागा पुरत नाही, बाकी माझं काही म्हणणं नाही.

माघी पौर्णिमेनंतरच्या रविवारी गुणाजीचा पुढचा सामना. नाड्या बांधायला घरचा माणूस लागतो आणि माझ्या बोटांना आता गाठ मारता येत नाही.

तुझी आई,
गोदूबाई

या पत्राला उत्तर लिहू नको, कोणाकडून लिहवूनही घेऊ नको. दाराची कडी वाजव. मालन आतून "कोण?" म्हणून विचारील. मी घरात असले तरी तोंड उघडणार नाही. तिला तूच उत्तर द्यायचंस.