सोमादादाचा टाक

९ फेब्रुवारी २०२५, ह्युए

पोचलो एकदाचे! नानांनी मुंबईपासून विमानातला पट्टा सोडलाच नाही. जेवतानाही नाही. हॉटेलात आल्याआल्या पलंग हलवून पाहिला — "सांधे ढिले हायेत." चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, व्हिएतनामला येऊन आधी पलंगच तपासणार.

मग म्हणाले, "देवळंच बघायची तर नाशकात काय कमी पडली का?"

खरं कारण त्यांना सांगितलेलं नाही. आईला तेवढं ठाऊक आहे.

१० फेब्रुवारी

झोप नाही. लिहूनच टाकते.

सोमादादा बापाशी, नानांशी भांडून घरातून गेला, त्याला चौदा वर्षं झाली. सुरतेहून तो वारल्याचा फोन आला, त्याला नऊ. आम्ही पोचेपर्यंत तिथल्या लोकांनी सगळं उरकलं होतं. पत्र्याची पेटी आणि चार कपडे घेऊन परतलो.

आमच्यात अकाली गेलेल्या पुरुषाचा टाक करतात. बोटभर चांदीच्या पत्र्यावर उठवलेला वीर. तो देव्हाऱ्यात बसतो, धुळवडीला मिरवत गोदावरीवर नेऊन त्याला आंघोळ घालतात. थोरल्या काकांचा आहे, पणजोबांच्या भावाचा आहे. दादाचा नाही! आई दर होळीला विचारते आणि नाना म्हणतात, "नाय करायचा."

मेलेल्या पोरावर इतका राग? मला त्यांचाच राग येतो. कधीकधी तर फार येतो.

इथल्या राजघराण्याच्या देवळाबद्दल वाचलं आणि ठरवलं, नानांना तिथं उभं करायचं. बाकी समुद्र, बोटी सगळं निमित्त.

११ फेब्रुवारी

आज पाहिलं थे-मियू. इथल्या राजांच्या पितरांचं देऊळ.

पुढे मोठं अंगण. त्यात काशाचे नऊ प्रचंड रांजण, प्रत्येक एकेका राजाच्या नावाचा, अंगावर डोंगर-नद्या-पक्षी उठवलेले. नाना त्यांना वळसा घालून थेट देवळाकडे. चपला काढल्या आणि मान वर! मग ती खाली येईना. लांबच लांब बसकं देऊळ, लाल-सोनेरी खांबांच्या रांगा, खांबांवर ड्रॅगन. बाहेरून दोन छपरं, एकामागे एक, आत आलं की एकच घर. "दोन्ही छपरांचं पाणी मधल्या पन्हळीत उतरतं बघ," नाना म्हणाले. "लय हिंमत हाय. ती पन्हळ गळली की खालचं लाकूड गेलंच." आणि राजाच्या खांबावर बोटाच्या पेराने टकटक केलं, पोकळ आहे का बघायला! पहारेकरी धावत आला. मी दहा वेळा सॉरी म्हटलं. नाना खूश — "भरीव हाय!"

गाईड लान म्हणाली, पूर्वी बायकांना, राणीलासुद्धा, इथल्या पूजेला बंदी होती. मी मुद्दाम उंबरठा दोनदा ओलांडला.

आत वेद्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येक राजाची वेगळी. लान सांगत होती, मी नानांना मराठीत सांगत होते. आधी सातच होत्या. तीन राजे फ्रेंचांच्या विरोधात गेले, पदावरून काढले, पार आफ्रिकेकडे हद्दपार केले. त्यांना इथं जागा नव्हती. १९५९ साली त्यांनाही आत घेतलं.

एवढं सांगायला मी चार हजार किलोमीटर आले होते.

नानांनी त्या तीन वेद्या बोटाने मोजल्या. मग म्हणाले, "तिला विचार, इतक्या लांब गेले ते... घरच्यांना कसं कळलं? ते वारलेच म्हणून?"

कळलं असेल, लान म्हणाली.

हा काय प्रश्न झाला! विषय टाळायचा म्हणून काहीतरी विचारायचं.

जेवताना मी बोललेच. "नाना, राजांनासुद्धा शेवटी आत घेतलं. तुम्ही दादाला कधी घेणार? का तुमचा हेका त्यांच्यापेक्षाही मोठा?"

"वेदू, गप."

भात तसाच टाकून उठले. भिंतीकडे तोंड करून पडलेत. झोपलेले नाहीत, कळतंय मला. फार लागेल असं बोलले. पण खोटं काय बोलले?

१२ फेब्रुवारी

अबोला. बसमध्ये मात्र स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली.

१६ फेब्रुवारी, नाशिक

दारातच आईने डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. ती आत जाऊन चहा ठेवायला लागली.

नाना शेजाऱ्यांना पन्हळ समजावून सांगतायत, कागदावर काढून!

९ मार्च

चार दिवसांवर होळी. आज आई पहिल्यांदा असं बोलली — "तूच करून आण गं टाक. मी ठेवते देव्हाऱ्यात. काय करतील? मला घराबाहेर काढतील?"

ठरलं. यंदा दादा गोदावरीवर जाणार. नानांना विचारायचं नाही.

१० मार्च

सराफ बाजारात खंडेराव सोनारांकडे गेले. आमचे टाक पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. दादाचं नाव सांगितलं, तर त्यांनी कपाटातून एक डबी काढून समोर ठेवली. आत टाक, तयार! नऊ वर्षांपूर्वीचा.

म्हणाले, "नानांनीच करून घेतला. दर होळीच्या आधी येतात, बघतात, पुसतात, परत देतात. परवाच येऊन गेले. म्हणतात, ऱ्हाऊ द्या अजून तुमच्याकडंच. म्या काय त्याला गेलेला बघितला नाय. येईल एखाद्या वेळी."

डबी तिथंच ठेवून आले.