चौथ्या घराचा उंबरा

१७ नोव्हेंबर

आज सकाळी सव्वासातला माझं सगळं बदललं. चौथ्या घराच्या उंबऱ्यावरची वाळू कुणीतरी सारली होती.

थंडीत खाऱ्या वाऱ्याने खराब होऊ नयेत म्हणून इथल्या नक्षीच्या फरश्या आम्ही कापड घालून वाळूखाली झाकतो. फिनिशियनांनी समुद्रकाठी वसवलेलं गाव, आता नुसते पाये. पहारेकरी मी. कापड दुमडलेलं, तानितदेवीची खूण उघडी — त्रिकोण, आडवी रेघ, वर गोल. शेजारी अनवाणी पावलं. डावी करंगळी बाहेर वळलेली.

ती करंगळी मी ओळखतो. दोरसाफची. इथे फरश्या साफ करते. जिच्यासाठी दुसऱ्या वर्षाला ट्युनिसचं कॉलेज सोडून आलो, ती.

१८ नोव्हेंबर

विचारलंच. "चौथ्या घरात काय काम असतं तुझं?"

"पहारा दगडांवर ठेव. माझ्यावर नको."

१९ नोव्हेंबर

पुन्हा पावलं. आणि आज बुटांचे ठसे! वाजदीचेच असणार — ट्युनिसहून आलेला तो फरशी-दुरुस्तीवाला, मोटरसायकलवाला. दुपारी दोरसाफ आणि तो एकाच भाकरीला हरिसाची लाल तिखट चटणी लावून खात होती. मला बघून जास्तच हसली.

२० नोव्हेंबर

चौथ्या घराची वाळू उकरली जाते, अशी ऑफिसात लेखी तक्रार दिली. तिचं नाव लिहिलं.

२२ नोव्हेंबर

उद्या तिला कामावरून काढणार. मुकादम हसूनाकाका फाटकाशी वाट बघत होते.

"बूट माझे होते, गाढवा. तू सातला येतोस, त्याआधी मीच तिला फाटक उघडून देतो, कधी सोबतही जातो."

"कशाला?"

"ती खूण रोज सात वेळा ओलांडली की मागणं पुरं होतं म्हणे. तिच्या आजीचं खूळ."

"मागणं काय, वाजदी?"

"त्याला बायको आहे, दोन पोरं आहेत. मागणं तुझ्यासाठी, बाबा. तू परत कॉलेजात जावंस. तिचा बाप अर्धवट शिकलेल्याला मुलगी देत नाही."

काकांनी फाटक जरा जोरातच लावलं.

२३ नोव्हेंबर

सकाळचे आठ. ऑफिसात जाऊन सांगणार — वाळू मीच उकरली, तक्रार खोटी. ती राहील, मी जाईन, परत कॉलेजात. साडेनऊला ट्युनिसची शेअर टॅक्सी सुटते.

तिच्या आजीचं खूळ खरंच ठरलं म्हणायचं.

वही पिशवीत टाकतो. निघतो.