दोरीला बंदी, पँटला नाही

तीर्थस्वरूप आर्डिस मावशी,

तुझ्या कायम दुसऱ्याच गावी सापडणाऱ्या भाच्याचा, ऑरिनचा, मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? व्हर्जिलकाकांची मासेमारीची खोपटी गोठलेल्या तळ्यावर गेली, की बर्फ अजून पातळ आहे म्हणून ते खिडकीत बसून तळ्यालाच शिव्या घालताहेत? चर्चच्या तळघरातलं तुझं जुन्या कपड्यांचं दुकान जोरात असेलच. मी मजेत आहे. बीट काढायचा हंगाम संपला की तडक घरी येतो म्हणालो होतो, ते मी विसरलेलो नाही. तडकच निघालो होतो. पण सेंट क्लाउडला बस बदलताना कॉफी प्यायला बसलो, आणि शेजारच्या बाईंच्या कोटाला कोपरावर असं काही सुरेख रफू केलेलं होतं की ते कसं केलं हे विचारता विचारता बस निघून गेली. (माझी बॅग बसमध्येच होती. ती सध्या फार्गोला असावी.) त्या बाई म्हणजे ओडेगार्डबाई. मी आता त्यांच्याच माडीवर राहतो आणि भाड्याच्या बदल्यात त्यांच्या अंगणातलं बर्फ उपसतो.

मावशी, कपड्यांच्या बाबतीत तू मला अडाणी समजत आलीस, ते आता बंद कर. पहिल्याच दिवशी बाईंनी माझं फ्लीसचं जाकीट दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, पोरा, तू सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या अंगात घालून हिंडतोयस. (खरंच तसल्या बाटल्या वितळवून ते कापड करतात, आणि दर धुण्याला त्याची प्लास्टिकची लव नदीत जाते.) तेव्हापासून माझं शिक्षण चालू आहे. कॉलेजात जे दोन सत्रंही टिकलं नाही, ते इथे टिकलंय. जुना कपडा घेताना आधी उलटा करून शिवण बघायची, मग उजेडासमोर धरायचा. बूड आणि गुडघे आरपार दिसले की परत ठेवायचा. लोकर धुवायची नाही, वाऱ्यावर टांगायची. डाग पडला तर डाग धुवायचा, अख्खी पँट नाही. आणि ड्रायर तर कपडे खाणारं जनावर आहे. त्याच्या जाळीत जो मऊ थर साचतो तो कुठून येतो, कधी विचार केलायस? तो तुझ्याच झग्याचा असतो. मी हे गल्लीत प्रत्येकाला सांगितलंय. काहींना दोनदा.

आता मुख्य गोष्ट. बाईंच्या मागच्या अंगणात दोन खांबांना बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी आहे. आमच्या वसाहतीची एक समिती आहे आणि तिच्या नियमांत दोरीला बंदी आहे. दोरीवर कपडे दिसले की वस्ती गरीब दिसते म्हणे. इतकी वर्षं सगळ्यांनी काणाडोळा केला, पण यंदा केटलसनराव अध्यक्ष झाले. माणूस एवढा उंच की आमच्या दारातून वाकूनच येतो. आले, बसले, थंडीवर बोलले, गेल्या वर्षीच्या थंडीवर बोलले, भोपळ्याच्या वड्या खाल्ल्या, आता निघतो म्हणाले, तरी बसले, आणि शेवटी दारात बूट चढवताना म्हणाले की ते दोरीचं जरा रविवारच्या बैठकीत मताला टाकतोय, तोवर उतरवून ठेवलीत तर बरं. बाई हसून बरं म्हणाल्या. दार लागल्यावर मला म्हणाल्या, “दोरी गेली तर मी घर विकून फीनिक्सला लेकीकडे जाते. तिच्या फ्लॅटात कपडे वाळवायचं यंत्र एका कपाटात ठेवलंय. मलाही त्याच कपाटात ठेवतील.”

म्हणजे दोरी गेली की बाई जाणार आणि माझी माडीही जाणार. मी लगेच मोहीम हातात घेतली. घरोघर जाऊन मतं गोळा करायची. पहिल्या घरी त्यांची बर्फावरची घसरगाडी दुरुस्त करत बसलो. दुसऱ्या घरी बटाट्याचं हॉटडिश नुकतंच भट्टीतून निघालं होतं. तिसऱ्या घरी एका म्हाताऱ्याने युद्धातल्या पायमोज्यांची गोष्ट सुरू केली, आणि ती चांगली होती. सबंध आठवड्यात मत एकही मिळालं नाही, पण माझ्याविषयी सगळ्यांचं मत चांगलं झालं असणार याची मला खात्री आहे.

इकडे दोरी उतरलेली आणि धुणं तर झालेलं. तेव्हा बाईंना लहानपणची शेतावरची रीत आठवली. दोरीवर जागा नसली की त्या ओल्या पँटी बर्फातच उभ्या करत. कडाक्याच्या थंडीत कापड लाकडासारखं ताठ होतं, आणि मग त्यातलं बर्फ न वितळताच हवेत उडून जातं. दोन-चार दिवसांत पँट वाळते. हे ऐकून मी अंगणात धावलो. (सगळं ऐकून घेतलं असतं तर कमरेची बाजू वर ठेवायची हेही कळलं असतं.) मी पँट कमरेकडून बर्फात खोचली आणि पाय आकाशाकडे केले. थोड्या वेळाने बंब आला. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी, बर्फात माणूस डोक्यावर गाडला गेलाय, असं कळवलं होतं. दोघा जवानांनी पाय धरून जोर लावला आणि पँट हातात घेऊन मागच्या मागे बसले. फार सज्जन माणसं. जाताना त्यांनीच ती सरळ उभी करून दिली.

आणि सरळ उभी पँट इतकी रुबाबदार दिसली की मी घरातल्या उरलेल्याही आणून पुढच्या अंगणात ओळीने उभ्या केल्या. केटलसनराव आले. प्रत्येक पँटभोवती फिरले. दोरी शोधत होते. मग बाईंना म्हणाले, “आयरीन, हे काय आहे?”

“दोरीला बंदी आहे ना, कार्ल? पँटला नाही,” बाई दारातून म्हणाल्या. “आत ये, कॉफी टाकलीय.”

आमचे लोक तुला माहीत आहेत. तोंडावर कुणी कुणाची बाजू घेणार नाही, पण शेजाऱ्याच्या अंगणात जे उभं आहे ते आपल्या अंगणात नाही हे त्यांना झोपू देत नाही. दुसऱ्या सकाळी समोरच्यांकडे एक जीन्स उभी. मग कोपऱ्यावर चौघांचं कुटुंबच, उतरत्या उंचीने. आणि रविवारी सकाळी, बैठकीच्या आधी, केटलसनरावांच्याच टपालपेटीशी लोकरीची एक तांबडी, अखंड, गळ्यापासून घोट्यापर्यंतची आतली बंडी-विजार उभी होती. एवढ्या उंचीचा माणूस गल्लीत एकच. कुणाला विचारावं लागलं नाही.

बैठकीत मी भाषण करणार होतो. ड्रायरच्या जाळीतला थर मी खास डब्यात घालून नेला होता. पण मला उठायलाच मिळालं नाही. अध्यक्षांनी विषय काढताच मागून त्यांच्याच घरच्या मर्नाबाई उठल्या.

“कार्ल, तुझे लोकरीचे मोजे मी ड्रायरमध्ये टाकले की बाहुल्यांच्या टोप्या होऊन बाहेर येतात. लग्न झाल्यापासून मी गप्प बसलेय. आज ते तांबडं मी बाहेर ठेवलंय आणि मला दोरी हवीय.”

मग एकेक हात वर गेला, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात उंच, केटलसनरावांचा. दोरी राहिली. निघताना त्यांनी बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं की ते तांबडं आता आत कसं न्यायचं, कारण वाकवलं तर धागे तुटतात असं ऐकलंय. बाई म्हणाल्या, मिठी मार आणि सरळ चालत आत जा. त्याप्रमाणे भर दुपारी सगळ्या गल्लीने अध्यक्षांना स्वतःलाच मिठी मारून घरात जाताना पाहिलं.

व्हर्जिलकाकांना नमस्कार, तुझ्या मांजराला थोडा कमी.

तुझा,
ऑरिन

ता. क. — तुझ्या दुकानात एखादी पँट असेल का? गर्दी दिसावी म्हणून रविवारी मी इथे जमवलेल्या माझ्या सगळ्या पँटी रस्त्याच्या कडेला उभ्या केल्या होत्या, आणि बर्फ ढकलणारा ट्रक कडेचं सगळंच घेऊन जातो. बैठकीला मी बाईंचा लोकरीचा स्कर्ट नेसून गेलो होतो. उत्तम शिवण, गुडघे शाबूत. पँट जाड सुती बघ, ताणली जाणारी नको, नवी तर मुळीच नको. आधी उजेडासमोर धर.

आणखी एक — शक्यतो दोन पाठव. ओडेगार्डबाई उद्या फीनिक्सला चालल्या आहेत, लेकीकडे, वसंतापर्यंत. दोरीची चिंता मिटली, आता या थंडीत इथे कोण राहतं, असं म्हणाल्या. घर, अंगण आणि दोरी मी सांभाळायची आहे. म्हणजे नाताळला मी येत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते आईला तू सांग. आधी स्कर्टचं सांगितलंस तर बाकीचं तिला ऐकूच येणार नाही.